नाथसागराचं पाणी उतरलं की मासा कुठं जातो?

फुगवट्याकाठचा | रविवार, रात्री ९:१०

डिसेंबरात ज्या जागी दोन तासांत चार रोहू आणि एक मृगळ लागला, त्याच जागेवरून मार्चपासून प्रत्येक वेळी रिकाम्या हातानं परततोय. जागा नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या काठची, गंगापूर तालुक्यातली, कायगाव टोक्याच्या पुलापासून खाली धरणाच्या अंगाला. काठी तीच, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) तोच, आमिषही तेच: कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हिंग. बदललंय ते फक्त पाणी. डिसेंबरात ज्या बांधावर बसायचो तो आता काठापासून अर्धा किलोमीटर तरी मागं राहिलाय. मधल्या उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी पिकं घेतलीत, गाळपेर केलीय. टरबुजाच्या वेलांमधून वाट काढत नव्या काठाला जावं लागतं, आणि तिथं कितीही लांब फेकला तरी गळ मांडीभर पाण्यातच पडतो.

मी वाळूजला कंपनीत आहे, आठवड्याला एकच सुट्टी मिळते. मासा लागला नाही म्हणून रडत नाही, पण असं का होतं ते समजून घ्यायचंय. मासा पाण्याबरोबर मागं सरकतो हे कळतं. सरकून नेमका कुठं थांबतो? आणि उघड्या पडलेल्या चिखलात गोल गोल खड्डे दिसतात, काही वाटीएवढे, काही परातीएवढे, ओळीनं कुणी थापून ठेवल्यासारखे. ते कशाचे?

परवान्याबद्दलही सांगा. आतापर्यंत कुणी हटकलं नाही, पण म्हणून ते बरोबर आहे असं मला वाटत नाही.

बोटुकली | रविवार, रात्री १०:०२

खड्ड्यांचं उत्तर आधी देते. ती तिलापियाची घरटी आहेत. नर उथळ पाण्यात तोंडानं माती उचलून बाजूला टाकतो आणि वाटीसारखा खड्डा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेऊन निघून जाते, पिल्लंही काही दिवस तिच्या तोंडातच राहतात. पाणी उतरलं की रिकामी घरटी उघडी पडतात. तुमच्या जागेवर ती ओळीनं असतील तर तिथं तिलापिया भरपूर आहे. हा मासा भारतात १९५२ साली बाहेरून आणला गेला. वर्षातून अनेक वेळा वीण होते, पिल्लं तोंडात सांभाळली जातात, त्यामुळे इतर माशांच्या पिल्लांपेक्षा जास्त जगतात. तुम्हाला खाण्यापुरता मासा हवा असेल तर गांडूळ लावा आणि तिलापिया कितीही न्या, कुणाचं नुकसान नाही.

आता पाण्याचं. मी उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकले. तिथं जलाशयाचा अभ्यास सुरू करताना पहिला हिशेब हाच करून बघितला होता. नाथसागर पूर्ण भरला की साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आणि पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली ८.३ मीटर येते, म्हणजे जेमतेम २७ फूट. ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद पाण्याला ही खोली म्हणजे परातीत ओतलेलं पाणी. उतार इतका मंद आहे की पातळी फूटभर खाली गेली तरी काठ कितीतरी पुढं पळतो. डावा कालवा, उजवा कालवा, शहरांचं पाणी, उद्योगांचं पाणी आणि वर मराठवाड्याचं ऊन. एप्रिलपर्यंत तुमच्या काठाजवळचं पाणी दुपारी कोमट होतं. कोमट पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी, म्हणून मोठा मासा तिथं थांबत नाही. पहाटे येतो, चरतो, ऊन चढलं की खोल पाण्यात परततो.

तुम्ही किती वाजता पोचता?

फुगवट्याकाठचा | रविवार, रात्री १०:१५

नऊ-साडेनऊला. दुपारी दोनपर्यंत बसतो.

बोटुकली | रविवार, रात्री १०:२०

मग निम्मं उत्तर तिथंच आहे.

जुनी_पांढरी | सोमवार, सकाळी ६:३५

हा धागा मुलानं दाखवला. मी लिहितो कमी, पण या पाण्याबद्दल लिहायलाच पाहिजे.

भाऊ, तुम्ही त्याला तळं समजून बसायले म्हणून मासा सापडत नाही. वरून ते तळं दिसतं, खाली गंगा तशीच पडून आहे. (आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नव्हतं, गंगाच म्हणायचे. आम्ही गंगाथडीचे.) १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं तेव्हा आमचं बिऱ्हाड उठून माळावर गेलेलं होतं. शंभराहून जास्त गावं या पाण्याखाली गेली, त्यातलं एक आमचं.

गंगेच्या दोन्ही अंगांना उंच दरडी होत्या. आम्ही पोरं दरडीवरून डोहात उड्या मारायचो. त्या दरडी अजून खाली आहेत. थोड्या ढासळल्या असतील, थोड्या गाळानं बुजल्या असतील, पण मोडल्या नाहीत. धरण भरलेलं असतं तेव्हा दरडीच्या वरच्या काळ्या रानावर पाणी पसरतं आणि मासा सगळीकडं चरायला जातो. ते पूर्वीचं ज्वारीचं, करडईचं रान. पाणी उतरायला लागलं की तो त्या रानातून मागं येतो आणि दरडीच्या कडेला, डोहाच्या तोंडाशी थांबतो. संध्याकाळी जनावरं गावाकडं येतात, तसं.

तुम्ही मांडीभर पाण्यात गळ टाकता ते रान आहे. दरड तुमच्या पुढं असेल.

ती शोधायची कशी ते सांगतो. तंगुसाला जड शिसं बांधा, गळ लावू नका. हातभर अंतरावर रंगीत दोऱ्याच्या गाठी मारा. काठानं चालत चालत फेका आणि शिसं तळाला टेकेपर्यंत किती गाठी जातात ते मोजा. तीन, तीन, तीन, आणि एका जागी एकदम नऊ. ती दरड. मग मागं वळून दोन खुणा धरा, एक देवळाचं शिखर आणि एक झाड किंवा टेकडी. पुढच्या वेळी पाणी कुठंही असो, खुणा जुळल्या की जागा सापडते.

आणि एक ऐका. चालत पाण्यात उतरू नका. एका पावलाला पाणी कंबरेचं असतं, दुसऱ्याला ठाव नसतो. शिवाय जुन्या विहिरी आहेत. गावं उठली तेव्हा सगळ्या विहिरी कुणी बुजवत बसलं नाही.

नावाडी_पैठण | सोमवार, सकाळी ९:१२

काकांनी लिहिलं ते शंभर टक्के खरं. माझे वडील आणि चुलते चप्पूवर (छोट्या तराफ्यावर) बसून कांडाळी जाळी टाकतात, त्यांची जाळी उन्हाळ्यात जुन्या पात्राच्या कडेनंच पडतात. कोणता डोह कुठं हे त्यांना तोंडपाठ. मी जीपीएसवर खुणा घेऊन ठेवल्या तर वडील म्हणाले, मोबाइल पाण्यात पडला तर काय करशील?

परवान्याचं सांगतो. जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मिळतो आणि काम मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमधून चालतं. हौसेनं एक काठी घेऊन बसणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही, तरी आधी जाऊन विचारा. दुसरं म्हणजे नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणजे वनविभागाचंही विचारावं लागतं. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांच्या खाली तर जायचंच नाही. २७ दरवाजे आहेत, पाणी सोडायच्या आधी भोंगा होतो, पण वाऱ्याच्या दिशेवर तो ऐकू येईलच असं नाही.

आता माझं दुखणं सांगतो, कारण गळवाले इथं वाचतायत. संस्था पैसे भरून बोटुकली सोडते. रोहू, कटला, मृगळाची बोटाएवढी पिल्लं. त्यांना किलोभर व्हायला वर्ष तरी द्यावं लागतं. पण बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची जाळी घेऊन काही जण दोन महिन्यांतच ती पिल्लं ओढून नेतात आणि सुकवायला विकतात. टोपलीभर मालाला मिळतात किती? वर्षभरानं त्याच पिल्लांची ट्रॉली भरली असती. माझ्या वडिलांनी आयुष्यात चार बोटांच्या खालचं जाळं वापरलं नाही. ते जाळं घेऊन दिवसभर हिंडून दहा किलो घेऊन येतात तेव्हा मला बोलायला शब्द राहत नाहीत.

रविवारचा_गळ | सोमवार, दुपारी १:४०

सगळ्यांना नमस्कार. माझा अनुभव उलटा आहे, मला उन्हाळ्यात नाही पण जुलै-ऑगस्टात भरपूर मिळतो. नाशिककडं पाऊस झाला, नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून पाणी सुटलं की दोन-तीन दिवसांत टोक्याला नवं गढूळ पाणी येतं. प्रवरेचंही येतं. तेव्हा चढणीचा, म्हणजे प्रवाहाच्या उलटा वर चढणारा मासा असतो, पुलाच्या वरच्या अंगाला नुसता खळबळाट. गेल्या पावसाळ्यात साडेचार किलोची रोहू मिळाली, पोटात अर्धा किलो गाबोळी, म्हणजे अंडी. काळ्या मसाल्यात केली, सोबत ज्वारीची भाकरी. तुम्हीही तेव्हा या.

नावाडी_पैठण | सोमवार, दुपारी २:०५

भाऊ, रागावू नका, पण हीच ती वेळ आहे जेव्हा आमच्या घरची जाळी सुकायला टाकलेली असतात. पावसाळ्यात आमच्याकडं उधारीवर किराणा येतो. वडील तरी पाण्यात जात नाहीत. गाबोळीवाली मादी मारायची नाही हे कागदावर येण्याच्या आधीपासून आमच्यात आहे.

बोटुकली | सोमवार, दुपारी ३:३०

रविवारचा_गळ, तुमच्या अनुभवात खूप माहिती आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यांना पावसाळ्याचं वाहतं, चढतं, नवं पाणी लागतं. म्हणून ते धरणातून उलटे नदीत चढतात, गोदावरीत आणि प्रवरेत. टोक्याचा संगम म्हणजे त्यांच्या वाटेवरचा उंबरा. तुमच्या त्या रोहूच्या पोटात किती अंडी होती? ढोबळमानानं मादीच्या एका किलोमागे २ ते ३ लाख. म्हणजे साडेचार किलोच्या मादीत १० लाखांच्या आसपास. त्यातली बहुतेक जगत नाहीत हे खरं, पण निसर्गानं ठरवलेली ती संख्या आहे, आपण पातेल्यात घालायची नव्हे.

या माशांना नदीशिवाय विण्याची वेळ आणता येईना म्हणून पूर्वी मत्स्यबीज मुख्यतः नद्यांतूनच गोळा करावं लागायचं. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुलला पियुष ग्रंथीचा अर्क टोचून माशांची वीण घडवून आणली, आणि तिथून हॅचरीचं, म्हणजे मत्स्यबीज तयार करणाऱ्या केंद्रांचं युग सुरू झालं. आज नाथसागरात सोडली जाणारी बोटुकली त्या शोधामुळे मिळते. पण हॅचरीचं बीज विकत घ्यावं लागतं. टोक्याला चढणारी मादी ते फुकट देते.

आणखी एक. पावसाळ्यात काठाच्या गवतात लालसर पिल्लांचा घोळका पाण्याच्या वर-खाली होताना दिसला तर तो मरळीचा असतो. मरळीला हवेतून श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो वर येतो. खाली आईबाप राखण करत असतात आणि बेडूक लावलेल्या गळावर झडप घालतात ते भुकेनं नाही, पिल्लांच्या काळजीनं. तेव्हा मरळ पकडणं सगळ्यात सोपं. कृपा करून तेव्हा पकडू नका. पालक गेले की तिलापिया आणि बगळे तो घोळका संपवतात.

रविवारचा_गळ | सोमवार, रात्री ८:५०

बोटुकली ताई, आणि नावाडी भाऊ, वाचलं. मला चढण म्हणजे फक्त भरपूर मासा एवढंच माहीत होतं. वडिलांबरोबर लहानपणापासून जातोय, त्यांनीही असंच शिकवलं. येत्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत काठी माळ्यावर ठेवतो. शब्द देतो.

पाणकाठची | सोमवार, रात्री ९:२५

मी पक्षी बघायला जाते, मासे पकडत नाही. एकच विनंती. तुटलेला तंगूस काठावर टाकून जाऊ नका. जानेवारीत चक्रवाक बदकं आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेले होते, तिथं बाभळीच्या बुंध्याला अडकलेल्या तंगुसात एक पाणकावळा पाय आणि पंख दोन्ही गुंतून लटकत होता. कात्री नव्हती, दातांनी तोडला. उडाला की नाही माहीत नाही, पोहत गेला एवढं बघितलं. तेव्हापासून पिशवीत छोटी कात्री असतेच. गळ टाकणाऱ्यांनीही ठेवा, आणि सुटलेला तंगूस गुंडाळून घरी न्या. नायलॉन कुजत नाही.

नावाडी_पैठण | सोमवार, रात्री ९:४०

ताई, हे आमच्या लोकांनाही सांगायला हवं. फाटकी जाळी तशीच बुंध्यांना सोडून देणारे आहेत. मी बोलतो.

फुगवट्याकाठचा | मंगळवार, सकाळी ७:००

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. जुनी_पांढरी काका, तुमचं उत्तर घरी वडिलांना वाचून दाखवलं. ते दोनदा वाचायला लावून म्हणाले, "दरडीचं बरोबर आहे." आमचंही आजोळ पाण्यात गेलेलं आहे, मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी पहाटे जाणार. आधी परवानगीचं बघतो.

कटल्यासाठी वेगळं काय करू?

नावाडी_पैठण | मंगळवार, सकाळी १०:१८

कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाला. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो पाण्यातलं बारीक जीवजंतू गाळून खातो. तळाला पडलेल्या गोळ्याकडं सहसा बघत नाही. भाजलेलं पीठ आणि पेंड यांचा असा गोळा करा की पाण्यात गेल्यावर हळूहळू भुगा सुटत राहील, आणि बुचाखाली चार-पाच फुटांवर लटकता ठेवा. भुग्याचा ढग झाला की तो येऊन ओढतो, त्या ओढण्यात गळ तोंडात जातो. धीर लागतो. वाम हवी असेल तर रात्री गांडूळ, दगडांच्या जवळ. शिवडा लागला तर सोडून द्या असं मी म्हणेन. पूर्वी माणसाएवढे यायचे असं वडील सांगतात, आता हातभर मिळाला तरी नवल.

दुपारी वारं सुटतं. २७ किलोमीटरच्या पाण्यावरून येणारी लाट लहान नसते. कुणी चप्पूत बसायला बोलावलं तर लाइफ जॅकेटशिवाय बसू नका, ट्यूबवर तर अजिबात नाही.

फुगवट्याकाठचा | रविवार, रात्री ८:३०

आज आलो. सगळं सांगतो.

परवानगीसाठी शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकून गेलो. काठी एक, हद्द कोणती, पक्ष्यांच्या जागा कोणत्या, हे नीट समजावून सांगितलं. संस्थेच्या लोकांनाही भेटलो.

शनिवारी संध्याकाळी फक्त शिसं फेकलं. गाठी मोजत गेलो. तीन, तीन, चार, तीन. सातशे पावलं चाललो असेन. मग शिसं गेलं ते जातच राहिलं, नऊ नाही, अकरा गाठी. मी तिथंच खाली बसलो. आजी ज्या गंगेबद्दल बोलायची ती मला पहिल्यांदा हाताला लागली, तंगुसातून.

खुणा धरल्या: टोक्याच्या सिद्धेश्वराच्या देवळाची दिशा आणि अलीकडचं एकटं लिंबाचं झाड. रात्री तिथंच गाळपेरवाल्यांच्या झोपडीशेजारी झोपलो. त्यांनी टरबूज दिलं, पैसे घेतले नाहीत.

पहाटे पाचला गळ पाण्यात. पहिला लागला शिंगटा. काढताना हलगर्जी झाली आणि त्याच्या पराचा (पोहायच्या पंखाचा) काटा अंगठ्यात गेला. कळ पार कोपरापर्यंत. झोपडीतल्या मावशींनी सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरायला लावला, अर्ध्या तासात उतरलं. नव्यानं गळ टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवा: शिंगट्याला पाठीवर एक आणि दोन्ही कडांना एकेक काटा असतो, करवतीसारखा. फडक्यातच धरा.

पावणेसहाला मृगळ, अडीच किलो. मग एक रोहू, वीतभर, तिला ओल्या हातानं सोडवून परत दिली. साडेसातला अजून एक मृगळ. आठला ऊन लागलं आणि नऊपर्यंत काहीच नाही. बोटुकली ताई, तुमचं घड्याळ बरोबर निघालं.

उरलेला वेळ काठावरचा तंगूस गोळा केला. एक पिशवी भरली. त्यातला थोडा माझाच असणार.

काका, एक विचारायचंय. दरडीच्या अलीकडं, साधारण चाळीस पावलांवर, गळ दोनदा दगडात अडकला. घडीव दगड असावा, कारण शिसं टेकलं की ठक्क वाजल्यासारखं हाताला लागायचं. त्याच्या भोवती मासा चांगला असेल का? पुढच्या रविवारी तिथं बसावं म्हणतो.

जुनी_पांढरी | रविवार, रात्री ९:५५

देवळाची दिशा आणि लिंब सांगितलं म्हणून जागा कळली. ती दरड आमच्या गावाच्या खालच्या अंगाची. तुम्ही बसला होता तो मोठा डोह. तिथं पोहायला शिकलो.

पण तो दगड गावाचा नव्हे, गाव अजून वर राहिलं. नदीपासून चाळीस पावलांवर घडीव दगड एकाच ठिकाणी होता, मळ्यातल्या विहिरीवर. मोटेचं पाणी ज्यात पडायचं ते थारोळं होतं, चांगलं रुंद, आम्ही त्यात बसून अंघोळ करायचो. थारोळ्याला लागूनच विहिरीचं तोंड आहे, साठ फूट खोल, आणि कठडा कधी नव्हताच. अजून महिनाभरात पाणी उतरलं की तिथं गुडघाभर पाणी राहील आणि तुम्हाला चालत जावंसं वाटेल. जाऊ नका. काठावर काठी रोवून लाल फडकं बांधा, गाळपेरवाल्यांच्या लेकरांनाही दाखवा.

मासा हवा असेल तर लिंबाकडं तोंड करून डावीकडं शंभर पावलं जा. तिथं ओढा गंगेला मिळायचा. उन्हाळ्यात आमचे वडील तिथंच बसायचे.